खिशातील साक्षीदार : नोकरीच्या ठिकाणचे ध्वनिमुद्रण आणि कायदा

नोकरीच्या ठिकाणी होणारा अन्याय बहुधा कागदावर उमटत नाही. तो बोलण्यातून होतो. राजीनाम्यावर सही कर, अन्यथा उद्यापासून गेटपास मिळणार नाही, असे कंत्राटी कामगाराला सांगितले जाते ते तोंडी. बिल मंजूर करायचे असेल तर ‘काहीतरी पाहा’, अशी सूचना होते तीही तोंडीच. महिला कर्मचाऱ्याला उद्देशून केलेली अश्लाघ्य टिप्पणी कोणी कार्यालयीन टिपणीत नोंदवत नाही. पुढे प्रकरण चौकशीपर्यंत गेले, की एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द उभा राहतो आणि अशा वेळी पदाने मोठा असलेल्याच्या शब्दाला अधिक वजन येते, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

पेण आणि रोहा या तालुक्यांत नोकरीचे जितके प्रकार आहेत, तितक्याच प्रकारचे हे प्रसंग संभवतात. धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोरसायन पट्टा, डोलवीचा पोलाद प्रकल्प, एसटीची आगारे, तहसील व पंचायत समितीची कार्यालये, शाळा, पतसंस्था, आणि पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीचे कारखाने, ही या परिसरातील रोजगाराची प्रमुख ठिकाणे. येथे काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आज मोबाइल आहे आणि त्यात ध्वनिमुद्रणाची सोयही आहे. त्यामुळे ‘साहेबांचे बोलणे रेकॉर्ड करून ठेवले तर चालेल का?’ हा प्रश्न साहजिकपणे विचारला जातो. आपण स्वतः सहभागी असलेल्या संभाषणाचे मुद्रण पुरावा म्हणून चालू शकते, हे त्याचे थोडक्यात उत्तर. मात्र ते टिकेल की नाही, हे आपण ते कसे केले, कसे जपले आणि कोणाकडे नेले, यावर अवलंबून असते.

मुंबईतील दोन ध्वनिफिती

गुप्त ध्वनिमुद्रणाविषयीच्या भारतीय कायद्याची पायाभरणी ज्या खटल्यांनी केली, त्यांतील दोन महत्त्वाचे खटले मुंबईतील आहेत.

पहिला युसूफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. यात मुंबई महापालिकेतील एका लिपिकाला लाच देऊ करण्यात आली होती. लिपिकाने ती न स्वीकारता पोलिसांना कळविले. ठरलेल्या भेटीच्या वेळी बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या मागे मायक्रोफोन दडविण्यात आला आणि पोलीस अधिकारी व रेडिओ मेकॅनिक आतल्या खोलीत थांबले. झालेले संभाषण फितीवर उतरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ही फीत पुरावा म्हणून ग्राह्य धरली. घटनेचे छायाचित्र जसे संबद्ध ठरते, तसेच संभाषणाच्या वेळीच केलेले ध्वनिमुद्रणही संबद्ध ठरते, असा न्यायालयाचा विचार होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ध्वनिमुद्रणाचा आधार मिळाला तो एका सामान्य लिपिकाला. तो गप्प राहिला असता, तर पुढे त्याच्याच हेतूविषयी शंका घेतली जाऊ शकली असती. मात्र ही फीत मोहोरबंद केलेली नव्हती, या त्रुटीकडे न्यायालयाने लक्ष वेधले. फीत पुसता येते, तीवर पुन्हा मुद्रण करता येते, म्हणून अशा पुराव्याकडे सावधपणे पाहावे, ही ताकीदही त्याच निकालात आहे.

दुसरा खटला आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. एका रुग्णाच्या मृत्यूनंतर संबंधित डॉक्टरकडे त्यांनी पैशांची मागणी केल्याचा आरोप होता. मध्यस्थी करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरच्या संमतीने त्याच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडण्यात आला आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांचे संभाषण मुद्रित झाले. आपल्या नकळत हे मुद्रण झाले. त्यामुळे तार कायद्याचा आणि राज्यघटनेने दिलेल्या संरक्षणाचा भंग झाला, असा बचाव मलकानी यांच्या वतीने करण्यात आला. सप्टेंबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असताना केलेले मुद्रण म्हणजे चोरून केलेला हस्तक्षेप नव्हे, आणि मलकानी जे बोलले ते कोणत्याही दडपणाशिवाय बोलले, असे न्यायालयाने म्हटले. संभाषण वादविषयाशी संबद्ध असावे, आवाजांची ओळख पटावी आणि मुद्रणात फेरफार झाला नसल्याचे सिद्ध व्हावे, या तीन कसोट्या या निकालाने घालून दिल्या. आजही चर्चा सुरू होते ती याच कसोट्यांपासून.

सहभागी आणि चोरून ऐकणारा

आपल्याशी कोणी बोलत आहे आणि ते आपण मुद्रित करीत आहोत, ही एक गोष्ट. दुसऱ्या दोघांचे बोलणे ऐकण्यासाठी साहेबांच्या टेबलाखाली रेकॉर्डर चिकटवून ठेवणे किंवा सहकाऱ्याच्या फोनमध्ये एखादे ॲप लपवून टाकणे, ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. पहिल्या प्रकारात, जे आपल्याला सांगितले गेले आणि आपण कानांनी ऐकले, त्याचीच नोंद आपण ठेवतो. दुसऱ्या प्रकारात आपण परक्या संभाषणात शिरतो. दूरध्वनीवरील बोलणे तिऱ्हाइताने ऐकणे हा खासगीपणावरील गंभीर आघात आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पीयूसीएल खटल्यात स्पष्ट केले. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. तेव्हा दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला कर्मचाऱ्याने जाऊच नये.

खासगीपणाचा हक्क मान्य झाल्यानंतर पहिल्या प्रकारचे मुद्रणही बाद होईल काय, अशी शंका घेतली जात होती. जुलै २०२५ मध्ये विभोर गर्ग विरुद्ध नेहा या वैवाहिक वादात सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नींमधील गुप्तपणे मुद्रित केलेले संभाषणही पुराव्यात घेण्यास परवानगी दिली. नवरा-बायकोच्या बोलण्याबाबत ही भूमिका असेल, तर कचेरीत वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेल्या धमकीला खासगीपणाचे कवच सहजासहजी मिळेल, असे दिसत नाही. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यानुसार ‘निषिद्ध स्थान’ नाही, त्यामुळे तेथे केलेले चित्रीकरण त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये दिला आहे.

न्यायालय काय पाहते?

मुद्रण ग्राह्य असणे आणि त्यावर विश्वास बसणे, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. १९८५ च्या रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यासाठीच्या अटी एकत्रित मांडल्या. बोलणाऱ्याचा आवाज ओळखला गेला पाहिजे. मुद्रण अचूक असल्याचे ते करणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे. काही पुसले वा जोडले गेल्याची शक्यता उरता कामा नये. मजकूर वादाशी संबद्ध हवा. मुद्रण मोहोरबंद करून सुरक्षित ताब्यात ठेवलेले हवे. आणि आवाज स्पष्ट ऐकू यायला हवा. सिन्नर मतदारसंघातील निवडणूक वादात, म्हणजे तुकाराम दिघोळे विरुद्ध माणिकराव कोकाटे या प्रकरणात, २०१० मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले, की अशा पुराव्यात फेरफार करणे सोपे असल्याने तो अत्यंत सावधपणे स्वीकारावा.

फितीची जागा डिजिटल फाइलने घेतल्यावर आणखी एक पायरी वाढली, ती प्रमाणपत्राची. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ठरविले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची, तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर ते लागत नाही, असेही त्या निकालात म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याऐवजी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंकी ठसा. फाइलमध्ये एका क्षणाची जरी काटछाट झाली, तरी हा ठसा बदलतो आणि फेरफार उघड होतो.

‘हा माझा आवाजच नाही,’ असा पवित्रा समोरच्याने घेतला तर? २०१९ मध्ये रितेश सिन्हा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांना तपासासाठी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार मान्य केला. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्येच त्याची तरतूद आहे. मात्र ही सोय फौजदारी तपासापुरती आहे. कंपनीतील अंतर्गत चौकशीत आवाज ओळखणारा साक्षीदार आपल्यालाच उभा करावा लागेल.

मुद्रण करताना

महागड्या छुप्या उपकरणांची, पेनातल्या किंवा बटणातल्या रेकॉर्डरची बहुधा आवश्यकता नसते. साधा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर किंवा मोबाइलमधील मुद्रणाची सोय पुरेशी आहे. सर्वसाधारण दर्जाचे, सेकंदाला ६४ किलोबिट वेगाचे एक तासाचे मुद्रण सुमारे २९ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण असते ती आवाजाची. खिशातल्या कापडाचे घर्षण, पंखा, यंत्रांची घरघर यांत शब्द हरवतात. म्हणून गरज पडण्यापूर्वीच त्याच जागी एकदा चाचणी घेऊन पाहावी.

उपकरणातील तारीख व वेळ बरोबर असावी. खोलीत शिरण्यापूर्वी मुद्रण सुरू करून आपले नाव, दिनांक, वेळ आणि कोणाला भेटायला जात आहोत, हे हळू आवाजात सांगावे आणि बाहेर पडेपर्यंत ते बंद करू नये. मध्येच सुरू होणारे आणि सोयीच्या वाक्यावर संपणारे मुद्रण संशय निर्माण करते. संभाषणात समोरच्याचा उल्लेख नावाने वा पदाने स्वाभाविकपणे यावा. त्याला चिथावून, शब्द तोंडात घालून बोलते करू नये. तसे केल्याचे मुद्रणात ऐकू येतेच आणि मग पुरावा आपल्यावरच उलटतो.

फोनवरील संभाषणाबाबत परिस्थिती बदलली आहे. मे २०२२ पासून गुगलने आपल्या प्ले स्टोअरवरील इतर कंपन्यांच्या ॲपना कॉल मुद्रित करण्यास मज्जाव केला. अनेक फोनमधील अंगभूत सोय मुद्रण सुरू होताच तशी घोषणा दोन्ही बाजूंना ऐकवते. आयफोनमध्ये २०२४ मध्ये आलेली सोयही अशीच आहे.

मुद्रण झाल्यावर मूळ फाइल त्याच उपकरणात राहू द्यावी. ती कापू नये, ‘स्वच्छ’ करू नये. एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पण व्हॉट्सॲपवरून पाठविलेली प्रत मूळ फाइलची जागा घेऊ शकत नाही. जुना फोन विकण्याची किंवा बदलण्याची घाई तर मुळीच करू नये. संपूर्ण संभाषणाचे लिखित रूपांतर, कोण काय बोलले या क्रमाने, आठवण ताजी असतानाच तयार करावे.

कारखान्याच्या दारात

धाटाव, नागोठणे किंवा डोलवी परिसरातील कामगारांसाठी एक इशारा स्वतंत्रपणे द्यायला हवा. ज्वालाग्राही द्रावणे, वायू किंवा बाष्प हाताळल्या जाणाऱ्या विभागांत साधा मोबाइल किंवा रेकॉर्डर नेण्यास मनाई असते, ती केवळ शिस्तीसाठी नव्हे. अशा जागी ठिणगी निर्माण होणार नाही अशा खास बनावटीचीच विद्युत उपकरणे वापरली जातात. खिशातले साधे उपकरण त्या कसोटीला उतरत नाही. पुराव्याच्या शोधात तेथे रेकॉर्डर लपवून नेणे म्हणजे आपल्यासह सगळ्या पाळीचा जीव धोक्यात घालणे होय. शिवाय सुरक्षा नियमाचा भंग हे गैरवर्तनाचे उघड कारण व्यवस्थापनाच्या हाती पडते. नोकरी वाचविण्यासाठी केलेल्या उपायानेच नोकरी जाऊ शकते.

प्लँटबाहेरच्या कार्यालयातही उपकरणांना बंदी असू शकते. आस्थापनेचे स्थायी आदेश आणि नियुक्तिपत्रातील गोपनीयतेची अट आधी वाचून घ्यावी. एखादे मुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य ठरले, म्हणून ते करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणारच नाही, असे नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मुद्रण घेऊन जायचे कोठे?

लोकसेवक लाच मागत असेल, तर स्वतःच्या मुद्रणावर विसंबून न राहता थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जावे. १०६४ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार आल्यावर विभाग आधी मागणीची पडताळणी करतो. पंचांसमक्ष तक्रारदाराकडे विभागाचाच व्हॉइस रेकॉर्डर दिला जातो, संभाषण मुद्रित होते, त्याचा पंचनामा होतो, आणि मागणी स्पष्ट झाली तरच सापळा रचला जातो. रामसिंग खटल्यातील अटी येथे तपास यंत्रणाच पाळत असल्याने असा पुरावा अधिक भक्कम ठरतो. नोटा हाती सापडणे पुरेसे नसून मागणी सिद्ध होणे अत्यावश्यक आहे, हे घटनापीठाने डिसेंबर २०२२ च्या नीरज दत्ता खटल्यात अधोरेखित केले. म्हणून पडताळणीच्या मुद्रणाला महत्त्व आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरू शकतो. भाग पाडले गेल्यामुळे पैसे दिले असतील, तर सात दिवसांच्या आत कळविणे बंधनकारक आहे.

लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३ चा कायदा लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी, तसेच तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. गणपतीच्या कारखान्यात हंगामी रंगकाम करणारी महिला असो वा घरकाम करणारी, तिलाही हा मार्ग खुला आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिन्यांची मुदत मिळू शकते. मुद्रण नाही म्हणून तक्रार करू नये, असे मात्र नाही. केवळ आरोप सिद्ध करता आला नाही, म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, असे कायदाच सांगतो. तक्रारीतील मजकूर प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी असल्याने त्यासंबंधीचे मुद्रण गटांमध्ये फिरविणे टाळावे.

निलंबन, बडतर्फी किंवा जबरदस्तीचा राजीनामा अशा प्रकरणांत मुद्रणाची पहिली परीक्षा खातेनिहाय चौकशीत होते. अशा चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हरियाणातील एका बस वाहकाच्या खटल्यात, हरियाणा राज्य विरुद्ध रतनसिंग या निकालात, स्पष्ट केले आहे. ही सवलत दोन्ही बाजूंना मिळते. कर्मचाऱ्याचे मुद्रण जसे विचारात घेता येते, तसेच त्याच्याविरुद्धचेही. चौकशी अधिकाऱ्याकडे मुद्रण सादर करताना लेखी अर्ज द्यावा, लिखित रूपांतर जोडावे आणि पोच घ्यावी. मूळ उपकरण कोणाच्याही स्वाधीन करू नये. ते मागितले गेल्यास दाखविण्याची तयारी मात्र ठेवावी.

या चुका टाळाव्यात

हाती मुद्रण आले, की ते समोरच्याला ऐकवून दबाव आणण्याचा मोह होतो. ‘पैसे द्या, नाहीतर हे बाहेर काढतो,’ असे म्हटल्याक्षणी पीडित व्यक्ती खंडणीखोर ठरू शकते. समाजमाध्यमांवर मुद्रण टाकल्यास बदनामीचा खटला ओढवतो आणि समोरचा सावध होतो तो वेगळाच. संघटनेच्या पदाधिकाऱ्याला वा वकिलाला ऐकविणे आणि गावभर वाटणे, यांतील फरक ओळखला पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे मुद्रणावरच सारी भिस्त ठेवणे. प्रत्येक प्रसंगानंतर त्याच दिवशी वहीत दिनांक, वेळ, जागा, हजर माणसे आणि बोललेले शब्द लिहून ठेवले, तर ती नोंद मुद्रणाला बळ देते आणि मुद्रण नसेल तेव्हा पुष्कळ अंशी त्याची उणीव भरून काढते. तोंडी आदेश मिळाल्यास ‘आपण आज दिलेल्या तोंडी सूचनेनुसार मी अमुक काम करीत आहे, कृपया लेखी दुजोरा द्यावा,’ असे दोन ओळींचे पत्र किंवा ईमेल पाठवावे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ नुसार वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा आणि तोंडी दिलेल्या आदेशाला नंतर लेखी पुष्टी द्यावी, अशी अपेक्षा आहे. खासगी नोकरीत हा नियम लागू नसला, तरी अशा पत्राला उत्तर न येणे हीसुद्धा पुढे उपयोगी पडणारी बाब असते.

मुद्रण करण्यापूर्वी म्हणूनच तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. या संभाषणात मी स्वतः सहभागी आहे का? या जागी उपकरण नेणे सुरक्षित आणि नियमांना धरून आहे का? आणि हे मुद्रण मी कोणत्या अधिकाऱ्यापुढे वा समितीपुढे ठेवणार आहे? तिन्ही उत्तरे ठाम असतील, तर अनुभवी वकिलाचा किंवा कामगार संघटनेचा सल्ला घेऊन पुढे जावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर तूर्त वही आणि पोच घेतलेले पत्र, ही साधने अधिक भरवशाची आहेत.